मोड, माप आणि मोल : अहिल्यानगर जिल्ह्यातील स्वस्त खरेदीचा इतिहास

घरात लागणारी वस्तू स्वस्तात मिळाल्याचा आनंद हा मनुष्यस्वभावाचाच भाग आहे असे सहसा मानले जाते. परंतु हा आनंद होण्यासाठी वस्तूला आधी किंमत असावी लागते, ती बोलण्याने कमी-जास्त होणारी असावी लागते आणि वस्तू मुळात किती मोलाची आहे हे घेणाऱ्याला स्वतःला कळावे लागते. या तीन गोष्टी एकत्र येण्याला इतिहास आहे आणि पूर्वी अहमदनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव मिळालेल्या जिल्ह्यात तो आठवडे बाजार, तांब्या-पितळेचा व्यापार आणि वारंवार पडणारे दुष्काळ या तिन्हींच्या आधाराने वाचता येतो.

जुन्या गावगाड्यात घरातील बहुतेक वस्तूंना आजच्या अर्थाने किंमतच नव्हती. कुंभाराने मडकी द्यायची, सुताराने नांगर व पाभर दुरुस्त करायची, लोहाराने विळे-खुरपी शेवटून, म्हणजे धार लावून, द्यायची आणि त्या बदल्यात सुगीच्या वेळी खळ्यावरून धान्याचा ठरलेला वाटा, म्हणजे बलुते, घ्यायचे, अशी ती व्यवस्था होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या कारू-नारूंचे, म्हणजे बलुतेदार-अलुतेदारांचे, आणि गावोगाव हिंडणाऱ्या फिरस्त्यांचे तपशीलवार वर्णन आहे. कुंभाराच्या घरून आणलेले मडके बोटांनी वाजवून पाहिले जाई, त्यात बद्द आवाज आला तर ते बदलून घेतले जाई. पण ते स्वस्तात मिळाले असे कोणी म्हणत नसे, कारण ज्या वस्तूला भाव नाही ती स्वस्त वा महाग कशी ठरणार? घासाघीस सुरू होत असे ती गावाबाहेरून येणाऱ्या वस्तूंपाशी, म्हणजे मीठ, कापड, बांगड्या आणि धातूची भांडी यांच्यापाशी, आणि त्या वस्तूंचे ठिकाण होते बाजार.

बाजाराची ही परंपरा जिल्ह्यात अहमदनगर शहराहून जुनी आहे. अहमद निजामशहाने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी सैन्याचा पराभव केला आणि १४९४ च्या सुमारास सीना नदीच्या काठी नवे शहर वसवण्यास सुरुवात केली, तेव्हा भिंगार हे गाव तेथे होतेच. नव्या शहरात पेठा वाढल्या आणि त्यांतील काहींनी धंद्यांची नावे अजून टिकवून ठेवली आहेत : कापडबाजार, दाळमंडई, मोची गल्ली, तेलीखुंट. ग्रामीण भागाचा व्यवहार मात्र पेठेपेक्षा आठवडे बाजारावर, म्हणजे ठरलेल्या वारी भरून संध्याकाळी उठणाऱ्या बाजारावर, चालत आला. श्रीगोंदे तालुक्यातील काष्टीचा शनिवार आणि नेवासे तालुक्यातील घोडेगावचा शुक्रवार हे वार जनावरांच्या बाजारामुळे जिल्ह्याबाहेरही माहीत आहेत. (पाणलोटाच्या कामामुळे देशभर प्रसिद्ध झालेल्या नगर तालुक्यातील गावाच्या नावातही ‘बाजार’ आहे, हिवरेबाजार म्हणताना तो शब्द आता कोणाच्या कानाला जाणवत नाही, इतकेच.)

आठवडे बाजारात भाव दिवसभर सारखा राहत नाही, हे बाजारकरूला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. दिवसाच्या पहिल्या विक्रीला ‘भवानी’ म्हणतात, आणि भवानीचे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेले तर दिवस वाया जातो या समजुतीमुळे विक्रेता त्या वेळी थोडा वाकतो. दुसरी संधी मिळते ती बाजार उठताना, कारण उरलेला माल पुन्हा बैलगाडीत वा डोक्यावर घालून नेण्यापेक्षा पडेल त्या भावाने देणे त्याला परवडते. सकाळी निवड चांगली असते व भाव मध्यम असतो, दुपारी दोन्ही ताठ असतात, संध्याकाळी भाव उतरतो पण उरते ते निवडून टाकलेले. यांपैकी कोणत्या वेळी काय घ्यावे याचे शहाणपण हीच आठवडे बाजारातील खरी कमाई होती. धान्य मापून देण्याच्या काळात पायली, शेर, मापटे, चिपटे या मापांवर शीग चढवायची की ती हाताने सपाट करायची, यावरूनही तंटे होत. चार शेरांची पायली सगळीकडे चारच शेरांची असली, तरी शेर सगळीकडे सारखा नव्हता. ‘मापात पाप’ हा वाक्प्रचार अशाच बाजारांतून आला असणार.

या सर्व वस्तूंत तांब्या-पितळेच्या भांड्यांचे स्थान वेगळे होते आणि स्वस्ताईची कल्पना समजून घ्यायची तर तेथेच थांबावे लागते. विणकाम आणि तांब्या-पितळेची भांडी हे अहमदनगर शहराचे जुने उद्योग होत. तांब्याचे काम करणारे ते तांबट आणि पितळेच्या व काशाच्या भांड्यांचा व्यवसाय करणारे ते कासार, अशी ढोबळ विभागणी होती. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाल्यानंतर मुंबईहून येणारा धातूचा पत्रा आणणे सोपे झाले. हंडा, कळशी, घागर, परात, तपेले, घंगाळ, बंब अशी भांडी नगावर नव्हे तर वजनावर विकली जात आणि त्यांच्या किमतीत दोन भाग असत : एक धातूचा भाव आणि दुसरी घडणावळ, म्हणजे कारागिराची मजुरी. भांडे फुटले, चेपले किंवा नकोसे झाले की ते दुकानदाराला परत देता येई. अशा जुन्या धातूला ‘मोड’ म्हणत आणि तिचा भाव नव्या भांड्याच्या भावाहून काही प्रमाणात कमी असला तरी ठरलेला असे. एखादी गोष्ट ‘मोडीत काढणे’ हा मराठीतील रोजचा वाक्प्रचार या व्यवहारातून आला आहे. मोडी लिपीशी त्याचा काही संबंध नाही.

मोड घेतली जात असल्यामुळे भांडे हा खर्च नसून साठा ठरत असे. घरात आलेला पितळी हंडा वीस वर्षे पाणी भरून झाल्यावरही आपल्या वजनाइतका मोलाचा राहत असे. त्याच्या मालकाने गमावलेली असे ती केवळ घडणावळ आणि घासून झिजलेला थोडा धातू. म्हणूनच मुलीच्या लग्नात भांडी देण्याला महत्त्व होते आणि त्यांवर नाव कोरून घेतले जाई. स्वस्त खरेदीचा अर्थही येथे नेमका होता : नव्या भांड्याच्या किमतीत नव्हे, तर मोडीच्या भावापेक्षा फारसे अधिक न देता वापरण्याजोगे भांडे मिळणे, म्हणजे घडणावळ जवळजवळ फुकट पदरात पडणे. असे भांडे ओळखण्यासाठी नजर लागे. ते टिचकीने वाजवून नाद ऐकावा, काठ व बूड चाचपून पत्रा कोठे पातळ झाला आहे ते पाहावे, डाख दिलेली म्हणजे धातूने सांधलेली जागा शोधावी, आतली कल्हई काळी पडली असेल तर ती पुन्हा करण्याचा खर्च मनात धरावा, अशी ही परीक्षा असे. कल्हई म्हणजे तापवलेल्या भांड्याला नवसागराने साफ करून आतून कथलाचा पातळ थर देणे. ती उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, त्यामुळे स्वस्तात घेतलेल्या भांड्यावर कल्हईवाल्याचेच देणे चढले तर ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ अशी गत होई.

जनावरांच्या बाजारात भाव ठरण्याची रीत याहून वेगळी, किंबहुना उलटी होती. तेथे घेणारा आणि विकणारा, किंवा त्यांच्या वतीने दलाल व हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, उपरण्याखाली एकमेकांचा हात धरत आणि किती बोटे दाबली यावरून आकडा कळवत. बोटांच्या खुणांनी बोलण्याच्या कलेला मराठीत करपल्लवी असा सुरेख शब्द आहे. भोवती गर्दी असली तरी सौद्याचा आकडा दोघांच्याच हातात राहत असे, त्यामुळे बाजारात एकच एक भाव असा तयारच होत नसे. प्रत्येक सौदा स्वतंत्र, आणि आपण जिंकलो की फसलो याचा निकाल प्रत्येकाने घरी जाऊन लावायचा. शेतमालाच्या विक्रीत ही झाकलेली रीत शेतकऱ्याच्या हिताची नाही, हे ओळखून बाजार समित्यांच्या कायद्यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमारास भरणारा गाढवांचा बाजार हा या जगाचा आणखी एक नमुना आहे. कुंभार, वडार, कैकाडी, बेलदार यांच्यासाठी गाढव हे घरातील सर्वांत मोठे साधन होते. त्याची किंमत दातांवरून ठरते, दोन दातांचे ते दुवान, चार दातांचे ते चौवान, आणि सौराष्ट्राकडून येणारे काठेवाडी गाढव गावठी गाढवाहून महाग असते.

स्वस्ताईचे दुसरे अंग मात्र या जिल्ह्याच्या इतिहासात झाकून ठेवता येत नाही. एकाला वस्तू फार स्वस्त मिळते तेव्हा दुसऱ्याने ती नाइलाजाने सोडलेली असण्याचा संभव असतो, आणि पर्जन्यछायेतील तालुक्यांत हा नाइलाज ठरावीक वर्षांनी परत येत असे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध सुरू झालेला उठाव पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत तालुक्यांत पसरला, तेव्हा लोकांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. कारण त्या रोख्यांवरून दिवाणी न्यायालयात हुकूमनामा मिळाला की ऋणकोची चीजवस्तू लिलावात निघे आणि बोली लावण्याइतका पैसा गावात बहुधा सावकाराकडेच असे. सरकारने चौकशी समिती नेमली व १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केला, पण तत्पूर्वीच १८७६–७८ चा दुष्काळ येऊन गेला होता. त्या दुष्काळात मुंबईच्या टांकसाळीत वितळवण्यासाठी चांदीचे दागिने मोठ्या प्रमाणावर येऊ लागले, याची नोंद सरकारी अहवालांनी घेतली आहे. दागिन्यांपाठोपाठ भांडी जात. अशा वर्षी सगळेच विकायला निघाल्यामुळे मोडीचा भावही पडे, जनावरे तर चाऱ्याअभावी मिळेल त्या किमतीला जात. त्या वर्षांत खरेदी करणाऱ्यांना काय वाटले हे कोठे नोंदलेले नाही. स्वस्ताईच्या इतिहासात विकणाऱ्याची बाजू अशीच बहुधा अहवालांतून आणि घेणाऱ्याची बाजू घराघरांतील फडताळांतून वाचावी लागते.

स्वातंत्र्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत हे गणित बदलले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि लिटर आले, आणि शेर-तोळ्यांत तयार झालेली हाताची पारख नव्या आकड्यांत बसवावी लागली. प्रवरा खोऱ्यात सहकारी साखर कारखानदारीचा पाया लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने १९५० च्या सुमारास घातला गेला, तेव्हापासून उसाचा रोख पैसा बागायती पट्ट्यात खेळू लागला. त्याच सुमारास ॲल्युमिनियमची आणि पुढे स्टेनलेस स्टीलची भांडी आली. स्टीलला कल्हई लागत नाही, ते घासायला सोपे आणि वजनाला हलके, म्हणून बायकांनी त्याचे स्वागत केले यात नवल नाही. परंतु मोडीत त्याला पितळेसारखा भाव येत नाही. साठा होता तो खर्च झाला. भांड्यांच्या भिशा निघाल्या, ज्यांत दरमहा ठरावीक रक्कम भरून चिठ्ठी निघेल तिने भांडे घ्यायचे असते. आणि शहरांत दारोदार आली ती बोहारीण, म्हणजे जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात नवी भांडी देणारी स्त्री.

बोहारणीचा व्यवहार ही वस्तुविनिमयाची, म्हणजे पैशाविना अदलाबदलीची, उशिरापर्यंत टिकलेली रीत आहे. तीन लुगडी आणि दोन सदऱ्यांच्या बदल्यात एक डबा पटकावला म्हणून गृहिणी खूश असे आणि तो आनंद खोटा नव्हता, कारण ते कपडे तिच्या लेखी निकामी होते. पण जुन्या जरीच्या साडीत खरी चांदी असते व ती जाळून वेगळी काढता येते, हे बोहारणीला पक्के ठाऊक असे. पूर्वी हंडा वाजवून पाहणारी गृहिणी जाणकार होती. येथे जाणकार बदलला.

छंदाच्या वस्तूंचा बाजारही या मोडीच्या पोटातूनच निघाला. व्यवहारातून बाद झालेल्या शिवराया आणि ढब्बू पैसे हे शेवटी तांबेच होते, आणि पुष्कळशी नाणी तांबटाच्या भट्टीत वितळून त्यांचे तांबे-पराती झाले असणार. जी उरली ती वजनाच्या भावाने घेऊन संग्राहकांनी आपले संग्रह उभे केले. आज मोडीत आलेले घंगाळ, बंब किंवा समई हौशी माणूस दिवाणखान्यात ठेवण्यासाठी मोडीच्या भावाहून कितीतरी अधिक देऊन घेतो, आणि एकेकाळी ज्या मठारकामाची, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी उमटवलेल्या नक्षीची, मजुरी मोड देताना शून्य धरली जाई, तिचेच आता पैसे पडतात.

धातूचे वजन आणि धातूचे मोल यांतील अंतर सर्वांत स्पष्ट दाखवणारी घटना १९७४ मध्ये श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे घडली. झुडपाचे मूळ खणताना तेथे चार जड वस्तू हाती लागल्या : बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा पुरुष, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. सिंधू संस्कृतीच्या उत्तर काळाशी, म्हणजे सुमारे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या काळाशी, अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात, जरी तो सर्वांनी मान्य केलेला नाही. मोडीच्या काट्यावर या चार वस्तू मिळून ६० किलोंहून अधिक भरल्या असत्या.