निळी पडणारी काच

वाघोलीत पश्चिमेला खिडकी असलेल्या फ्लॅटमध्ये दुपारी बसवत नाही. कुणी काचेला काळी फिल्म लावतं, पण मग पावसाळ्यात दिवसाही दिवे लावावे लागतात. हवी तेव्हाच गडद होणारी काच मिळाली तर?

तिची गोष्ट जुनी आहे. टंगस्टन ऑक्साइड हायड्रोजनमध्ये तापवलं की निळं पडतं, हे बर्झेलियसनं १८१५ मध्येच पाहिलं होतं. विजेच्या जोरावर हा रंग आणता येतो, हे अमेरिकेत काम करणाऱ्या सत्येन देब यांनी १९६९ मध्ये दाखवलं. एक-दोन व्होल्ट दिले की थरात एकीकडून इलेक्ट्रॉन आणि दुसरीकडून लिथियमचे आयन शिरतात, आणि काच निळी होते. वीज उलटी फिरवली की पाहुणे बाहेर, काच पुन्हा स्वच्छ!

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. प्रमोद पाटील यांच्या गटानं हा थर फवारणीनं बनवण्यावर बरंच काम केलं. टंगस्टनचं द्रावण तापलेल्या काचेवर फवारायचं, बस. शेतीच्या मुलखाला साजेशी युक्ती! महागड्या निर्वात यंत्राची गरज नाही.

मग अडलं कुठे? मोठ्या काचेवर रंग सगळीकडे सारखा यायला हवा, आणि हजारो वेळा बदलूनही टिकायला हवा. त्यात विद्युतवाहक पारदर्शक थरही स्वस्त नाहीत. बटणानं गडद होणारी खिडकी बोइंग ७८७ विमानात मात्र आली. तिथेही टंगस्टन नाही, वेगळं जेल आहे. २०२० मध्ये वनप्लसनं अशाच काचेमागे कॅमेरे लपवणारा फोन दाखवला, पण विकला नाही.

वाघोलीत तोवर पडदेच.