पत्र्याच्या पेल्यातली वाइन

मी दारू पीत नाही, आमच्या घरातही ती कधी आली नाही. तरीही पहिल्या महायुद्धाबद्दल वाचताना फ्रेंच सैनिकांच्या स्वस्त वाइनपाशी मी दरवेळी थांबतो. सरकारने ती खंदकात का पाठवली आणि सैनिकांनी तिच्या निमित्ताने काय जोडले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची अनेकदा गल्लत होते.

या वाइनला सैनिक ‘पिनार’ म्हणत. ती कसली उंची वाइन नव्हती. दक्षिण फ्रान्समधल्या लांगदोक प्रांताची पातळ तांबडी वाइन आणि अल्जेरियातली जरा कडक वाइन एकत्र करून ती पिंपांतून, रेल्वेच्या टाक्यांतून आघाडीकडे जाई. लांगदोकच्या शेतकऱ्यांचे आणि लष्कराचे नाते तोवर फारसे गोड नव्हते. १९०७ मध्ये वाइनचे भाव कोसळले तेव्हा हे शेतकरी लाखोंच्या संख्येने रस्त्यावर उतरले. नारबोन शहरात लष्कराने गोळीबार केला, माणसे मेली. बेझिए गावच्या १७ व्या पायदळ पलटणीतल्या जवानांनी बंड केले, कारण समोरची माणसे त्यांच्याच घरची होती. पुढे अवघ्या सात वर्षांनी युद्ध सुरू झाले. १९१४ चे पीक भरघोस आले होते. त्याच प्रांताने दोन लाख हेक्टोलिटर, म्हणजे दोन कोटी लिटर वाइन सैन्याला फुकट दिली. त्यात देशप्रेम होते, आणि पडून राहिलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळाल्याचा आनंदही असणार.

सरकारला सवय लागली. सुरुवातीला माणशी रोज पाव लिटर मिळे, १९१६ मध्ये अर्धा लिटर झाली, १९१८ पर्यंत पाऊण लिटरपर्यंत गेली. मार्च १९१५ मध्ये अ‍ॅबसिंथ या दारूवर कायद्याने बंदी आली, पण वाइनला मात्र आरोग्यदायी पेय म्हणून मान होता. खंदकातले पाणी प्रेतांनी नासलेले असे, हेही खरेच. पण रजा देणे, उबदार कपडे देणे, निरर्थक हल्ले थांबवणे यांपेक्षा वाइन देणे सोपे होते.

रात्री तुकडीतले दोघे-तिघे मागे जात. गळ्यात साथीदारांच्या पाण्याच्या बाटल्या अडकवून, त्या वाइनने भरून, चिखलातून आणि तोफांच्या माऱ्यातून परत येत. कधी परत येतच नसत. मग पाव लिटरच्या पत्र्याच्या पेल्याने मापून वाटणी होई. शिक्षक असो की शेतमजूर, माप एकच. मैत्री दारूने झाली असे कुणी म्हटले तर मला पटत नाही. दुसऱ्याच्या वाट्यासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या त्या फेरीत ती होती.

याच सैन्यात उत्तर आफ्रिकेतले दोन लाखांहून अधिक मुस्लीम सैनिक होते. त्यांच्याच मुलखात वसाहतवाल्यांनी लावलेल्या मळ्यांची वाइन या पिंपांत होती आणि धर्माने ती त्यांना वर्ज्य होती. चिखल, थंडी आणि मरण मात्र सर्वांच्या वाट्याला सारखेच आले. त्यांच्या बलिदानाची आठवण म्हणून पॅरिसची मोठी मशीद उभी राहिली आणि १९२६ मध्ये खुली झाली.

सैनिकांची ही जवळीक सरकारला हवी होती, पण ठरलेल्या हद्दीतच. एप्रिल १९१७ मध्ये जनरल निव्हेलचा हल्ला फसला, हजारो माणसे हकनाक गेली, आणि अनेक पलटणींनी पुन्हा हल्ल्याला जायला नकार दिला. काही अधिकाऱ्यांनी खापर वाइनवर फोडले. जी वाइन काल शौर्य देत होती, ती आज बेशिस्त शिकवू लागली! नवे सेनापती पेताँ यांनी काहींना गोळ्या घातल्या खऱ्या, पण रजा नियमित केल्या, जेवणही सुधारले. म्हणजे दुखणे कुठे होते हे त्यांना ठाऊक होते.

लुई बार्तास हा लांगदोकचा, पिंपे बनवणारा कारागीर. वयाच्या ३५ व्या वर्षी तो युद्धावर गेला आणि जिवंत परतला. त्याने १९ वह्यांत सारे लिहून ठेवले, त्या १९७८ मध्ये छापल्या गेल्या. डिसेंबर १९१५ मध्ये नव्हील-सँ-व्हास्त गावाजवळ पावसाने दोन्हीकडचे खंदक बुडाले. फ्रेंच आणि जर्मन सैनिक जीव वाचवायला वर आले आणि समोरासमोर उभे राहिले. कुणी गोळी झाडली नाही. हात मिळाले, तंबाखू वाटली गेली, कॉफीचा किंवा पिनारचा पेला या हातातून त्या हातात गेला. वरिष्ठांनी मग तोफांनी ही मैत्री मोडून काढली.

या जागी कधीतरी या बंधुभावाचे स्मारक होईल का, असे बार्तासने लिहून ठेवले होते. तो १९५२ मध्ये वारला. स्मारक झाले २०१५ मध्ये, शंभर वर्षांनी. पाव लिटरचे माप सरकारने ठरवले होते. पेला शत्रूपुढे धरायचा की नाही, हे मात्र त्या भिजलेल्या माणसांनी स्वतः ठरवले.