संयुक्त महाराष्ट्र चळवळ : गोळीबार आणि राज्यस्थापना

मुंबईसह मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे, यासाठी १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनातील ठरावापासून १ मे १९६० पर्यंत चाललेले आंदोलन. फाझल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये विदर्भ वगळून गुजरातसह द्वैभाषिक, म्हणजे मराठी व गुजराती भाषकांच्या एकत्रित, मुंबई राज्याची शिफारस केली. पुढे काँग्रेसने महाराष्ट्र, गुजरात व मुंबई शहर अशी त्रिराज्य योजना पुढे आणली, तेव्हा असंतोष उसळला.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी विधानसभेकडे निघालेला संपकरी कामगारांचा मोर्चा फ्लोरा फाउंटनजवळ अडवून पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात १५ जण मृत्युमुखी पडले. मुंबई केंद्रशासित होणार, अशी घोषणा पंतप्रधान नेहरूंनी १६ जानेवारी १९५६ रोजी केल्यावर गिरणगावासह शहरात अनेक दिवस गोळीबार झाले. बळींपैकी बहुतेक याच आठवड्यातील आहेत. जमावाकडूनही लुटालूट झाल्याचे सांगितले जाते. हुतात्म्यांची संख्या १०५, १०६ किंवा १०७ अशी दिली जाते. मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्या सरकारने निःशस्त्र मोर्चांवरही बंदुका चालवाव्यात, हा या इतिहासातील सर्वांत गंभीर भाग होय.

पुढे हा संघर्ष मतपेटीकडे वळला. फेब्रुवारी १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष व शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एकत्र आले, आणि १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा पाडाव झाला. गुजरात, विदर्भ व मराठवाड्यातील जागांमुळे काँग्रेसची सत्ता टिकली, पण त्रिराज्य योजनेऐवजी विदर्भासह प्रत्यक्षात आलेल्या द्वैभाषिक मुंबई राज्याचा पाया खचला. या द्वैभाषिकाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हेच महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले.



स्मारक : फ्लोरा फाउंटन परिसरात, चौकाला हुतात्मा चौक हे नाव.

सीमाभाग : बेळगाव, निपाणी व कारवार राज्याबाहेर राहिले; हुतात्म्यांच्या यादीत मात्र बेळगाव-निपाणीकडील नावेही आहेत.