रंगतालिका-संक्षेप

इंडेक्स्ड प्रतिमेतील रंगांची यादी प्रोग्रामच्या साहाय्याने आखूड करण्याची क्रिया. अशा प्रतिमेत पिक्सेलपाशी रंग नसतो, नुसता क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा खरा रंग सोबतच्या तालिकेत, म्हणजे पॅलेटमध्ये, पाहावा लागतो. १९८७ साली कॉम्प्युसर्व्हने आणलेल्या जीआयएफमध्ये एका तालिकेत जास्तीत जास्त २५६ रंग मावतात. पीएनजीच्या तालिकेचीही कमाल तीच.

१००० × १००० पिक्सेलच्या चित्राला पूर्ण रंगांत ३० लाख बाइट लागतात. २५६ रंगांत १० लाख, अधिक तालिकेचे ७६८. रंग १६ वर आणले की ५ लाखांत भागते. मात्र पीएनजीच्या तालिकेत पिक्सेलमागे १, २, ४ किंवा ८ बिटच चालतात. १७ वा रंग ठेवला की थेट ८ बिट मोजावे लागतात, आणि २०० चे १०० रंग करून संपीडनापूर्वी पिक्सेलांच्या जागेत काहीच वाचत नाही.

कोणते रंग ठेवायचे, हाच खरा प्रश्न. लाल, हिरवा व निळा यांच्या प्रत्येकी सहा पायऱ्या धरून केलेली २१६ रंगांची ‘वेब-सेफ’ तालिका चित्राकडे न पाहताच ठरलेली होती. पॉल हेकबर्ट यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेली मीडियन कट पद्धत चित्राकडे पाहते: सर्व रंग एका पेटीत धरून, पेटीची सर्वांत लांब बाजू दोन्हीकडे सारखे पिक्सेल येतील अशी कापायची, हवे तितके तुकडे झाले की प्रत्येकाचा सरासरी रंग तालिकेत घ्यायचा. यात बहुसंख्यांचे फावते. आभाळाच्या निळ्या छटांना भरपूर जागा मिळते आणि कपाळावरचे इवलेसे कुंकू तपकिरी होऊन जाते.

मॅटलॅबमधील ‘इमअप्रॉक्स’ हे फंक्शन प्रतिमा, तिची तालिका आणि हवी ती रंगसंख्या घेऊन नवी प्रतिमा व नवी तालिका देते. संख्येऐवजी तयार तालिकाही देता येते. पायथनच्या पिलो लायब्ररीत हेच काम ‘क्वांटाइझ’ करते. पीएचपीतही असे फंक्शन आहे, पण त्याचा निकाल अपेक्षेइतका चांगला नसल्याचे पीएचपीची अधिकृत माहितीपुस्तिकाच सांगते.

इमअप्रॉक्स न सांगता डिदरिंगही करते, म्हणजे तालिकेतल्या रंगांचे ठिपके मिसळून मधल्या छटांचा भास निर्माण करते. फ्लॉइड-स्टाइनबर्ग या प्रचलित डिदरिंग पद्धतीत (१९७६) प्रत्येक पिक्सेलची रंगचूक १६ भागांत वाटून ७ भाग उजव्या शेजाऱ्याला आणि ३, ५, १ असे खालच्या तिघांना देतात. रंग कमी झाल्याने छायाचित्रात उमटणारे पट्टे त्याने लपतात. नकाशे, आलेख व बोधचिन्हांत मात्र ते बंदच ठेवावे: सपाट रंगांवर ठिपके उठतात, शिवाय फाइल नीट दबत नाही.

आकारबदल या साऱ्याआधी उरकावा लागतो. आकार बदलताना शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढतात; क्रमांक ३ आणि ७ यांची सरासरी ५ येते, पण ५ क्रमांकाचा रंग त्या दोहोंच्या मधला असेलच असे नाही.