मांडीचं हाड आणि लिव्हरपूलच्या हाडवैद्याचा मुलगा

मी येलदरीचा. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, डॉक्टर नाही. पण आमच्याकडे मोटारसायकल घसरली की आधी जिंतूर, मग परभणी. त्या वाटेवर मोडका पाय कसा न्यायचा, याचा इतिहास आज सांगतो.

मांडीचं हाड मोडलं तर बाहेर काही न दिसता आत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकतं. टोकं हलत राहिली तर रक्त आणखी जातं. हाडातली चरबी रक्तात मिसळून फुप्फुसात अडकू शकते. मग एक ते तीन दिवसांत दम लागतो, माणूस बरळायला लागतो.

ह्यू ओवेन थॉमस हा लिव्हरपूलचा डॉक्टर, घराणं हाडवैद्यांचं. एकोणिसाव्या शतकात त्यानं पायासाठी कडं आणि दोन लोखंडी सळ्यांचा साचा बनवला. तो हयात असताना फारसं कुणी विचारलं नाही. पहिल्या महायुद्धात त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स यानं तो साचा सैन्यात रुजवला. मांडी मोडलेल्या सैनिकांचे मृत्यू ८० टक्क्यांवरून २०च्या खाली आले असं सांगतात. ८०च्या आकड्यावर वाद आहे, पण फरक पडला हे नक्की. कारण साचा दवाखान्यात नाही, उचलण्याआधीच बांधायचे!

तरी पुढे कित्येक आठवडे पायाला वजन लावून पडून राहणं आलंच. त्यातून न्यूमोनिया, रक्ताच्या गुठळ्या, पाठीला जखमा. १९३९ मध्ये जर्मनीत गेरहार्ड कुंचरनं हाडाच्या पोकळीत सळई घातली. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या डॉक्टरांनी १७८ रुग्णांचा अभ्यास छापला. अनेक ठिकाणी मार लागलेल्यांचं हाड २४ तासांत बसवलं, तर फुप्फुसांचा त्रास कमी झाला. रुग्ण फारच नाजूक असेल तर आधी जीव सावरतात, सळई नंतर.

सगळ्याचं सार एवढंच: हाड हलू द्यायचं नाही, म्हणजे माणूस लवकर हलता होतो.

आपल्याकडे २०१४ पासून १०८ची गाडी आहे. ती येईपर्यंत पाय ओढू नका, चोळू नका. आहे तसाच आधार देऊन ठेवा. हाड बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, स्वच्छ कापड झाका. आणि जीपच्या मागच्या सीटवर दुमडून कोंबू नका, एवढं गावात सांगाच.

भेटू पुढच्या भागात.