हजेरीपटातला इतिहास

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. मी काही इतिहासाची पंडिता नव्हे. परंतु गेल्या सभेत निघालेला एक विषय मनात घोळत होता. आपल्या भागातल्या पालिकेच्या प्राथमिक शाळेतील मुलांसाठी मंडळातर्फे दुपारचा अभ्यासवर्ग चालतो. तो बंद करावा अशी सूचना आली. शाळेचा निकाल बरा लागत नाही आणि तेथे “हल्ली कोणाचीच मुले जात नाहीत”, असे कारण देण्यात आले. हे शेवटचे वाक्य मला बोचले. त्या शाळेच्या पटावर मुले आहेत. आपल्या घरची नाहीत, एवढेच.

शाळेत कोण येते आणि आलेले मूल किती शिकते, हे दोन प्रश्न आपल्याकडे पहिल्यापासून एकमेकांना चिकटलेले आहेत. त्याचीच थोडी हकीगत सांगते.

१८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. आरंभी सहा मुली आल्या. त्यांत चार ब्राह्मण, एक मराठा व एक धनगर, असे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. वाटेत त्यांच्या अंगावर शेणमाती फेकली जाई, ही गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहेच. पुढे ३ जुलै १८५१ रोजी अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात शाळा सुरू झाली, तेव्हा पहिल्या दिवशी ८ मुली होत्या, त्या लवकरच ४८ झाल्या. त्याच वर्षी रास्ता पेठेत व १८५२ साली वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. फेब्रुवारी १८५३ मध्ये या तीन शाळांची परीक्षा झाली. तिला २३७ मुली बसल्या आणि ती पाहण्यास सुमारे तीन हजार माणसे लोटली.

परीक्षा पाहण्यास एवढी गर्दी कशासाठी, असे आज वाटेल. मुलीच्या जातीला विद्या येतच नाही, अशी तेव्हा पुष्कळांची समजूत होती. म्हणून परीक्षा चारचौघांत घेतली जाई. मुलगी उभी राहून वाचते, हिशेब करते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहावे हा त्यात हेतू असे. बक्षीस घेताना एका मुलीने, आम्हांस खेळणी व खाऊ नको, शाळेला ग्रंथालय द्या, असे सांगितल्याची हकीगत फुल्यांच्या चरित्रात येते.

पण त्या काळचा सर्वांत मोठा निकाल गुणपत्रिकेवर लिहिलेला नाही. फुल्यांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेल्या मुक्ता नावाच्या मांग समाजातील लहान मुलीने मांगमहारांच्या दुःखांविषयी एक निबंध लिहिला. १८५५ साली तो ‘ज्ञानोदया’त दोन अंकांत छापून आला. धर्म, राजसत्ता व समाज यांना तिने त्यात जे प्रश्न विचारले आहेत, ते वाचून आजही मान खाली जाते. तीन वर्षांपूर्वी याच मुलीला अक्षर ओळखत नव्हते. तिचे नाव पटावर आलेच नसते, तर “त्या वस्तीतील मुलांना डोके नाही” हा समज तसाच पुढे चालू राहिला असता.

पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे फुल्यांनी लेखी निवेदन दिले. त्यातले आकडे मला फार महत्त्वाचे वाटतात. मुंबई इलाख्यातील जवळजवळ नऊ-दशांश खेड्यांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांना, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही, असे त्यांनी नमूद केले. महार-मांगांच्या मुलांना इतरांशेजारी बसू देत नाहीत, म्हणून सरकारने वेगळ्या शाळा काढल्या, पण त्या मोठ्या शहरांतच. पुण्यात या समाजांची वस्ती ५,००० च्या वर असता शाळा एकच, आणि तिची हजेरी ३० मुलांच्याही खाली! यावर त्यांनी उपायही सांगितले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक चांगले तयार करून त्यांना दरमहा निदान बारा रुपये पगार द्यावा, आणि स्त्रियांच्या प्राथमिक शिक्षणाची तरतूद वाढवावी. हजेरी कमी म्हणून शाळा मोडा, असे त्यांनी म्हटले नाही, हे ध्यानात घ्यावे.

ती मागणी पदरात पडण्यास फार काळ गेला. बडोद्यास सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू केला. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले, पण ते नामंजूर झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. सर्व देशातील मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. म्हणजे फुल्यांच्या निवेदनानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी!

१९५१ च्या शिरगणतीत भारतातील शंभर स्त्रियांमागे नऊदेखील साक्षर नव्हत्या. २०११ मध्ये एकट्या महाराष्ट्रात हे प्रमाण शेकडा ७५ च्या वर गेले. आपल्यापैकी कितीजणी अशाच पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत पाटी घेऊन गेल्या, हे एकमेकींना विचारून पाहावे. तेव्हा वकिलाची, कारकुनाची आणि मोलकरणीची मुलगी एका बाकावर असे. पुढे आपली परिस्थिती सुधारली आणि आपण मुले दुसरीकडे घातली. त्यात दोष मी कोणाला देत नाही. मीही तेच केले. परंतु घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, संध्याकाळी धाकटे भावंड सांभाळायचे, अशी मुले मागे ठेवायची आणि मग तेथला निकाल आपल्या मुलांच्या निकालाशी ताडून पाहायचा, हा न्याय नव्हे.

आपल्या वर्गात सध्या अकरा मुली येतात. आठ मुलींवर शाळा उघडणाऱ्या माणसांच्या मुलखात अकरा हा आकडा लहान कसा म्हणावा? पुढच्या सभेत हा विषय मतास येईल. माझे मत वर्ग चालू ठेवण्याच्या बाजूने आहे आणि मंगळवार-शुक्रवारची गणिताची शिकवणी मी स्वतः घेईन. बाकीचे चार वार कोण घेणार, ते भगिनींनी चिटणीसबाईंना कळवावे.