‘शारदा’ची कुळकथा

पैशाच्या लोभापायी बाप कोवळ्या मुलीचं लग्न म्हाताऱ्याशी ठरवतो आणि मुलगी आपली घुसमट गाऊन सांगते. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’चं कथानक एवढंच. देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९९ साली हे नाटक रंगभूमीवर आणलं. तोवर संगीत नाटकात बहुधा राजे, ऋषी आणि देव गात. देवलांनी भटजीच्या पोरीला गायला लावलं. पदांची भाषा माजघरातलीच ठेवल्याने ती नाट्यगृहाबाहेर पडून थेट घराघरांत पोचली.

या शारदेला कोल्हापूरने आवाज दिला. केशवराव भोसले इथलेच, जन्म १८९० चा. लहानपणीच ते स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले आणि पोरवयातच शारदा म्हणून गाजले. तेव्हा स्त्रिया रंगमंचावर सहसा नसत. मुलीचं गाऱ्हाणं मुलगाच गाई. पण गाणारा स्वतःच पोरसवदा, त्यात उंच पट्टीचा गळा. शारदेचा आकांत ऐकणाऱ्यांना खरा वाटला यात नवल नाही. पुढे १९०८ मध्ये केशवरावांनी हुबळीला ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली. १९२१ साली, जेमतेम एकतिसाव्या वर्षी, ते गेले. शाहू महाराजांनी १९१५ साली कोल्हापूरच्या खासबागेत उभारलेल्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचंच नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह आगीत जळालं.

नाटकातला प्रश्न तर कायद्याने केव्हाच निकालात काढला. १९२९ च्या कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं, आज ते अठरा आहे. मग ‘शारदा’ टिकली कशावर? कथानकात लग्न मोडतं ते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. मुलीला हे लग्न नको, हे कारण कोणी धरत नाही. सुटका शास्त्राधाराने होते, बंड मात्र पदांत आहे. ‘द हू’ या इंग्रजी बँडने १९७३ मध्ये ‘क्वाड्रोफेनिया’ या रॉक ऑपेरात एका बिथरलेल्या पोराची तगमग मांडली, तीही गाण्यांच्याच जोरावर. मोठी माणसं ऐकत नाहीत तिथे तरुण पात्राला गाणं हाच हक्काचा आवाज उरतो.

म्हणून ‘शारदा’चा प्रयोग आटोपशीर करायचा असेल, तर कात्री संवादांना लावावी. पदं गाळली, तर उरते ती फक्त गोत्राची भानगड.